स्त्रियांचे आरोग्य आणि नववर्षाचे संकल्प



हैदराबादच्या बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला नववर्षांची वाण कधीच नव्हती. जानेवारीची पहिली तारीख ही सर्वांचीच. चैत्र शुद्ध प्रतिपदेस मराठी घरावर गुढी उभी राहते आणि त्याच सकाळी शेजारच्या तेलुगू घरात उगादीची पच्चडी सिद्ध होते. निजामाच्या अमदानीत यांत आणखी एका नववर्षाची भर होती. सरकारी फसली साल ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेस बदलत असे. नववर्षे इतकी, तेव्हा संकल्पांना तोटा नसावा हे ओघानेच आले.

त्यातही मराठी नववर्षाचा प्रारंभ औषधानेच होतो हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, चिंच, ओवा, मिरे, हिंग यांची गोळी तोंडात घातल्यावाचून पाडव्याचा दिवस सुरू होत नाही. तेलुगू पच्चडीतही कडुनिंबाचीच फुले असतात. ही गोळी वाटते कोण? घरातील स्त्री. ती लहानथोरांच्या हातावर ठेवून सर्वांत शेवटी स्वतः घेते कोण? तीच, आणि कधी कधी तिच्यापुरती ती उरतही नाही. आजच्या विषयाचे सारे मर्म या लहानशा प्रसंगात आहे असे मला वाटते.

‘यंदा रोज फिरावयास जाईन, वजन उतरवीन, वेळेवर जेवीन’ असे संकल्प आपल्या भगिनी दरवर्षी करतात, आणि संक्रांतीच्या सुमारास ते विरतात. त्याबद्दल त्यांची थट्टा करण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. स्त्रियांच्या आरोग्याचे संकल्प आपल्या समाजाने यापूर्वीही केले आहेत, जाहीरपणे केले आहेत, आणि त्यांतील काही सिद्धीसही गेले आहेत. ते कोणी केले, कोणते फळास आले आणि कोणते राहिले, याचा मागोवा घेतला तर वैयक्तिक संकल्प का विरतात याचाही थोडा उलगडा होईल.

पहिला संकल्प अगदी साधा होता : स्त्रीला स्त्री डॉक्टर मिळावी. १८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी हे स्पष्टपणे सांगितले. परपुरुषाला नाडी दाखविणेही ज्या घरांत अवघड, तेथे बाळंतपणातील गुंतागुंत किंवा स्त्रियांचे नाजूक विकार वैद्यापर्यंत पोहोचत नसत. रोगी दगावत असे आणि कारण नशिबाच्या खात्यावर पडत असे. पुढल्याच वर्षी, १८८३ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूर येथील सभेत आपण वैद्यकाच्या अभ्यासासाठी अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अठरा वर्षांचेही नव्हते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. त्यांच्या संकल्पाचे मूळ त्या दहा दिवसांत होते.

आनंदीबाईंची कथा मराठी वाचकास नवी नाही. परंतु आपण ती सांगतो ती एका विशिष्ट रीतीने. पहिली मराठी स्त्री डॉक्टर, सातासमुद्रापलीकडील जिद्द, नऊवारी लुगडे, हे आपण आवर्जून सांगतो. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. ही पदवी त्यांना मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. मात्र हे सर्व चालू असताना त्यांची स्वतःची प्रकृती ढासळत होती. परक्या देशातील थंडी, अपुरा आहार, अभ्यासाचे ओझे आणि क्षय. त्या नोव्हेंबर १८८६ मध्ये मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांना पाऊल टाकता आले नाही. इतर स्त्रियांच्या आरोग्यासाठी जिने सर्वांत मोठा संकल्प केला तिच्या स्वतःच्या आरोग्याकडे पाहणारे मात्र कोणी नव्हते. त्यागाचे उदाहरण म्हणून आपण या मृत्यूचा गौरव करतो. त्याऐवजी तो टाळता आला असता काय, हा प्रश्न विचारला गेला असता तर बरे झाले असते.

आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या त्याच सुमारास हैदराबादेत काय चालले होते, हे पाहणेही उद्बोधक ठरेल. १८८५ साली डॉ. एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. येथील वैद्यकीय शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला तो याच काळात. त्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या रूपाबाई फर्दूनजी, एक पारशी तरुणी. १८८९ साली त्या ‘हकीम’ ही पदवी घेऊन बाहेर पडल्या. क्लोरोफॉर्मने रोगी दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले होते. दुसऱ्यासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड दिले व लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन येथे आले. लॉरीसाहेबांचा निष्कर्ष पुढे पूर्णपणे टिकला नाही, हा भाग वेगळा. पण त्या प्रयोगांच्या वातावरणात शिकलेल्या रूपाबाई भूल देण्याच्या कामात निष्णात झाल्या. भूल देण्याचे शास्त्रशुद्ध काम करणारी जगातील पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९०९ च्या सुमारास त्यांनी एडिंबरोसही जाऊन शिक्षण घेतले.

रूपाबाई ज्या रेसिडेन्सी रुग्णालयात काम करीत तेच पुढे सुलतान बाजारचे प्रसूतिरुग्णालय झाले. बरकतपुऱ्याहून काचीगुड्यामार्गे ते फार दूर नाही. या भागात मराठी वस्ती वाढली ती बऱ्याच अंशी रेल्वेमुळे. १९०० साली मनमाडपर्यंतचा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग खुला झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे राजधानीशी जोडली गेली. १९१६ साली काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले. शिक्षण, नोकरी, वकिली आणि औषधपाणी यांसाठी मराठवाड्याचा माणूस या गाडीने येई. ‘बरकत’ हा शब्द मूळचा अरबी असला तरी मराठीला परका नाही. घरात बरकत आहे असे आपण म्हणतो तेव्हा धान्य, दुभते, पैसाअडका मोजतो. गृहिणीच्या रक्तात लोह किती आहे, हे त्या हिशेबात कोणी धरीत नाही.

आता नववर्षाकडे वळू. १९२७ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्षस्थानी होत्या. विषय शिक्षणाचा, परंतु मुलींच्या शिक्षणाचा विचार करू लागताच बालविवाहाचा प्रश्न पुढे आला, कारण अकरा-बारा वर्षांची मुलगी शाळेतून निघून सासरी व तेथून बाळंतिणीच्या खोलीत जात असे. बालविवाहाच्या दुष्परिणामांविरुद्ध तेथे ठराव झाला. या परिषदेची पुढील अनेक अधिवेशने नाताळ ते नववर्ष या सुटीत भरत गेली. त्यामुळे योगायोगाने का होईना, जानेवारीच्या तोंडावर स्त्रियांनी एकत्र बसून पुढील वर्षाचे संकल्प कागदावर उतरवावे, अशी प्रथाच पडली.

पुण्याच्या ठरावाचे फळ लवकर दिसले. १९२९ चा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, निजामाच्या राज्यास लागू नव्हता. म्हणजे सोलापूरची मुलगी कायद्याच्या छत्राखाली आणि जवळच्याच नळदुर्गची त्याबाहेर! हे वय १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा झाले. आज कायदा सर्वत्र एक आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के व तेलंगणात २३.५ टक्के निघाले.

१९३२ च्या डिसेंबरअखेरीस लखनौस भरलेल्या अधिवेशनात परिषदेने त्याहून धीट पाऊल टाकले. स्त्रियांची खालावलेली प्रकृती आणि बालमृत्यू पाहता संततिनियमनाचे शास्त्रीय ज्ञान मान्यताप्राप्त केंद्रांतून देण्यात यावे, असा ठराव तेथे झाला. हा विषय मराठी समाजाला मात्र आधीच चटका लावून गेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. या काळात संसार चालला तो बव्हंशी मालतीबाई कर्वे यांच्या मिळकतीवर, हे फारसे सांगितले जात नाही. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन महात्माजींना भेटल्या. आत्मसंयमन हाच उपाय, हे गांधीजींचे मत ढळले नाही. बाई तेथून त्रिवेंद्रमच्या महिला परिषदेस गेल्या.

कर्व्यांचा आग्रह होता स्त्रीच्या स्वातंत्र्याचा. आपण त्यातील नियमन घेतले आणि स्वातंत्र्य वगळले. पुरावा हवा असल्यास वर सांगितलेली पाहणीच पाहावी : विवाहित स्त्रियांत स्वतः नसबंदी करून घेतलेल्यांचे प्रमाण ३७.९ टक्के, पतीने शस्त्रक्रिया करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असताना ही स्थिती आहे. कुटुंबाच्या आरोग्याचा भार कोणाच्या शरीरावर टाकला गेला, याबद्दल आणखी भाष्याची गरज नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल सादर केला. त्यातील आकडे आजही अंगावर येतात. दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत. वर्षाकाठी अंदाजे दोन लाख. सुईणी साठ हजार लोकांमागे एक. असे आकडे प्रथमच समोर आल्यामुळे उद्दिष्टही मोजता येईल असे ठरविता आले. प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रशिक्षित परिचारिका, रुग्णालयातील प्रसूती हा सारा पुढला पसारा त्यातूनच उभा राहिला. २०१८–२० या वर्षांत लाख जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७ वर आले होते. तेलंगणात ४३, महाराष्ट्रात ३३. भोर समितीच्या हिशेबाने हेच प्रमाण लाखामागे दोन हजार होते. आपल्या इतिहासात इतका पुरेपूर फळलेला संकल्प क्वचितच सापडेल.

या कामाचा एक धागा बरकतपुऱ्याच्या शेजारीच सापडतो. नल्लाकुंट्यावरून विद्यानगरकडे गेले की आंध्र महिला सभेचे आवार आणि दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय लागते. दुर्गाबाई जन्माने राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी झालेला विवाह त्यांनी जाणत्या वयात नाकारला, स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला, घटना समितीत काम केले आणि १९५३ साली रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव यांच्याशी विवाह केला. तेलुगू आणि मराठी घरांचा असा दुवा हैदराबादकरांना आपलासा वाटावा यात नवल नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. शिक्षणाचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम काढावेत, त्यांतून शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका तयार व्हाव्यात, ही त्यांची योजना. आरोग्य म्हणजे केवळ औषध नव्हे, औषध देणाऱ्या स्त्रिया तयार करणे, हे त्यांनी ओळखले होते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने हेच काम १९०९ नंतर विधवांना परिचारिकेचे शिक्षण देऊन आरंभिले होते.

आता जे राहिले त्याकडे येतो. मातेसाठी संकल्प झाले, त्यांना संस्था मिळाल्या, आकडे मिळाले, जबाबदार माणसे मिळाली. पण स्त्री जन्मभर गरोदर नसते. धाकटे मूल शाळेत गेले की सरकारी नोंदवहीतून तिचे नाव गळते, आणि घरातल्या यादीत ते बहुधा कधी नसतेच. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २००५–०६ साली ५५.३ टक्के होते, २०१५–१६ साली ५३.१ झाले आणि २०१९–२१ साली ५७ टक्क्यांवर चढले. मातामृत्यू उतरत असताना रक्तक्षय जागचा हलला नाही. महाराष्ट्रात तो ५४.२ टक्के, तेलंगणात ५७.६. पायऱ्या चढताना लागणारा दम, संध्याकाळी येणारी गळाठी, विनाकारण चिडचिड, यांना आपण ‘बायकांचे असेच असते’ म्हणून सोडून देतो. एक थेंब रक्त तपासले तर त्याचे कारण पुष्कळदा सापडेल.

असे दुर्लक्ष अटळ नाही, हे ज्या जिल्ह्याने दाखविले तो जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. १९९९ च्या ऑक्टोबरात तेथे बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठे परीक्षण हाती घेतले. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, खेड्यांचे बावन्न समूह, चार गट. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या तपासण्या, प्रत्येक स्त्रीची एकदाच. चौथ्या गटाला केवळ माहिती व नेहमीची सेवा. आठ वर्षांनी हिशेब झाला. एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी झालेल्या गटात या रोगाने चौतीस स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या चौथ्या गटात, संख्या थोडी कमी असूनही, चौसष्ट. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी त्या परीक्षणात लक्षणीय फरक पडला नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्ल लावून केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले, आणि ती तपासणी दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित सेविकांनी केली होती. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे कितपत न्याय्य होते यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हावयास हवाच होता. त्या चौसष्ट स्त्रिया आपल्याच गावांतल्या होत्या.

उस्मानाबादचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जगभरच्या डॉक्टरांनी त्यांची दखल घेतली. आणि दहा वर्षांनंतरच्या पाहणीत आपल्या देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण निघाले अवघे १.९ टक्के. मराठवाड्यातील शेतकरी बायकांनी जे जगाला शिकविले ते शहरातील सुशिक्षित घरांतही पोहोचलेले नाही.

म्हणून या नववर्षी माझी विनंती वजन उतरविण्याची नाही. रक्ताची तपासणी करावी. हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, त्या चहाबरोबर घेऊ नयेत, जेवणात लिंबू-आवळा असावा. रक्तदाब पाहावा. तिशी उलटली असल्यास गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. ही चार कामे एका सकाळची आहेत. एकटीने जावयाचे राहून जाते, हा सर्वांचाच अनुभव. तेव्हा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवाचा उपयोग करता येईल. बरकतपुऱ्यातल्या कोणत्याही घरी त्या दिवसांत पंधरा-वीस स्त्रिया सहज जमतात, मराठी आणि तेलुगू दोन्ही. वाण म्हणून स्टीलची वाटी देण्याऐवजी एखाद्या प्रयोगशाळेतील परिचारिकेला तासभर बोलवावे, नावांची यादी करावी, पुढील तपासणीची तारीख दूध-गॅसच्या नोंदी असतात त्याच कॅलेंडरवर लिहावी. यादीत पहिले नाव यजमानीणबाईंचे घालावे. नाहीतर पाहुण्यांची सरबराई करता करता त्यांचीच तपासणी राहून जाईल.